संगणक कशाची वाट पाहतो?



दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला टेबलावरचा संगणक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शाळेत असेल. बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा होईपर्यंत तो दीड-दोन मिनिटे घेतो. एखादा प्रोग्रॅम उघडायला सांगितला, की पेटीतून कुरकुर ऐकू येते, पेटीवरचा लहानसा दिवा लुकलुकत राहतो आणि आपण पडद्याकडे पाहत बसतो. मग घरातले कुणीतरी निकाल देते, "हा म्हातारा झाला. भंगारात द्या आणि नवा घ्या."

हा निकाल बरोबर असेलही. पण विज्ञानाचा विद्यार्थी निकालाआधी पुरावा मागतो. संगणक मंद आहे म्हणजे त्याचा नेमका कोणता भाग मंद आहे? सगळी पेटी टाकून देण्याची गरज आहे, की एकच भाग बदलून भागेल? या प्रश्नाच्या उत्तरावर घरातले काही हजार रुपये अवलंबून आहेत. शिवाय हा संगणक बनवण्यासाठी खर्ची पडलेले धातू आणि ऊर्जा कचऱ्यात जाणार की नाही, हेही त्यावरच ठरणार आहे. तेव्हा थोडे गणित करू.

दोषी कोण?

संगणक मंद झाला तर दोष कोणाचा, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'प्रोसेसर' असे उत्तर देतात. प्रोसेसर म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप. परंतु प्रोसेसर ज्या ठोक्यांवर चालतो, ते ठोके क्वार्ट्‌झच्या स्फटिकाच्या कंपनांपासून मिळवलेले असतात, आणि ते वयाबरोबर मंद होत नाहीत. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर बारा वर्षांपूर्वी सेकंदाला ३०० कोटी ठोके देत होता. आजही तितकेच देतो.

मग फरक कशात पडला? कामात पडला. नव्या आज्ञावली आकाराने मोठ्या आहेत, पडद्यामागे गुपचूप चालणारी कामे वाढली आहेत, आणि या सर्वांना लागणारी माहिती साठवणीतून आणावी लागते. जुन्या संगणकात ही साठवण म्हणजे हार्ड डिस्क. तिच्याकडे जरा जवळून पाहू.

तबकडीचे गणित

हार्ड डिस्कच्या डबीत चुंबकीय पदार्थाचा पातळ लेप दिलेल्या चकचकीत तबकड्या असतात. त्यांवर एकात एक अशी हजारो वर्तुळे कल्पिलेली असतात, आणि त्या वर्तुळांवर माहिती चुंबकीय खुणांच्या रूपात लिहिलेली असते. एका हलत्या दांडीच्या टोकाला वाचणारे डोके असते. तबकडी फिरत असताना हे डोके तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत राहते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रशास्त्राची ही केवढी करामत आहे ते कळते.

आता एखादा माहितीचा तुकडा वाचायचा आहे असे समजा. त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. प्रथम दांडी हलून डोके योग्य वर्तुळावर यायला हवे. टेबलावरच्या संगणकातील नेहमीच्या डिस्कमध्ये याला सरासरी ९ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर हवा तो तुकडा फिरत फिरत डोक्याखाली येईपर्यंत थांबायला हवे.

जत्रेतला लाकडी घोड्यांचा चक्री पाळणा आठवा. तुम्ही एका जागी उभे आहात आणि तुम्हाला तांबड्या घोड्यावरच बसायचे आहे. नशीब चांगले असेल तर तो समोरच असेल. वाईट असेल तर नुकताच पुढे गेलेला असेल आणि पुरा फेरा होईपर्यंत थांबावे लागेल. सरासरी काढली तर अर्धा फेरा वाट पाहावी लागते. डिस्कचेही तसेच. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, आणि अर्ध्या फेऱ्याला सुमारे ४ मिलिसेकंद. दोन्ही मिळून झाले १३ मिलिसेकंद.

तेरा हजारांश सेकंद! डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की एका सेकंदात असे फक्त ७७ तुकडे आणता येतात. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट माहिती हाती येते. हीच डिस्क सलग लिहिलेली मोठी फाइल वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइटहून अधिक वेग गाठू शकते, कारण तेथे डोके हलवावे लागत नाही. म्हणजे डिस्क वाचण्यात मंद नाही. ती शोधण्यात मंद आहे.

आणि संगणक सुरू होताना नेमके शोधण्याचेच काम असते. हजारो लहान लहान फाइली, त्याही तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या. समजा, ६००० तुकडे वेगवेगळ्या जागांहून आणायचे आहेत. ६००० गुणिले १३ मिलिसेकंद म्हणजे ७८ सेकंद! तुमच्या त्या दीड मिनिटापैकी बहुतेक वेळ कोठे गेला, ते आता कळले.

एका ठोक्याला एक सेकंद मानले तर

या विलंबाची खरी कल्पना यावी म्हणून काळाचे मोजमाप ताणून पाहू. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे माना. प्रोसेसर हा एक चपळ आचारी आहे. त्याला शिरा करायचा आहे आणि साखर हवी आहे.

साखर जर रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या कार्यस्मृतीत असेल, तर ती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. आपल्या ताणलेल्या मापात हे झाले ३०० ठोके, म्हणजे ५ मिनिटे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायला तेवढे लागणारच.

साखर जर हार्ड डिस्कमध्ये असेल, तर १३ मिलिसेकंद म्हणजे ३ कोटी ९० लाख ठोके. तितक्या सेकंदांची होतात सुमारे सव्वा वर्ष! शेतात ऊस लावावा, तो वाढून गाळपाला जावा, कारखान्यातून साखर यावी आणि मग आचाऱ्याने शिरा ढवळावा, असा हा प्रकार आहे. मधल्या काळात आचारी दुसरी कामे करू शकतो, पण तुम्हाला हवा असलेला शिरा काही तयार होत नाही.

मित्रहो, जुना संगणक विचार करण्यात वेळ घालवीत नाही. तो बहुतेक वेळ उसाची वाट पाहत बसलेला असतो.

मग तबकडी अधिक वेगाने का फिरवू नये?

तंत्रज्ञांनी तोही प्रयत्न केला. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि एवढ्या कपाटभर यंत्रात ५० लाख अक्षरे मावत. माहितीचा तुकडा मिळायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. पुढे मोठ्या संगणकांसाठी १५,००० फेऱ्यांच्याही डिस्क निघाल्या. पण यंत्राला मर्यादा असतात. फिरणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर ऊर्जा चौपट. त्याबरोबर उष्णता, आवाज, थरथर आणि झीज यांतही वाढ होते. आपल्या साध्या डिस्कच्या तबकडीचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर असतो. तिची कड आत्ताच ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने धावत असते. १९५६ पासून फेरे वाढले ते दहा-बारा पटींच्या घरात. तेवढ्याच काळात प्रोसेसरचा वेग मात्र हजारो पटींनी वाढला. आचारी धावू लागला, पण ऊस आपल्याच गतीने वाढत राहिला.

यावर उपाय एकच. फिरणे, हलणे हे सारेच काढून टाकायचे.

न फिरणारी साठवण

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, किंवा थोडक्यात एसएसडी, या साठवणीत एकही हलणारा भाग नसतो. हालचाल होते ती फक्त घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांची. म्हणूनच 'सॉलिड स्टेट' हे नाव.

तिच्यातील प्रत्येक स्मृतिपेशी म्हणजे एक विशेष ट्रान्झिस्टर असतो. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये गेट नावाच्या भागाला विद्युत्‌दाब दिला, की खालच्या सिलिकॉनमधून प्रवाह वाहू लागतो. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डाउओन कांग आणि सायमन झी यांनी कल्पना मांडली, की या गेटच्या खाली आणखी एक गेट पुरून ठेवावे आणि त्याच्या सर्व बाजूंनी विद्युत्‌रोधक थर असावा. हे गेट कशालाही जोडलेले नसते. समुद्रातील बेटासारखे ते एकटे असते. या बेटावर इलेक्ट्रॉन नेऊन सोडले, तर वीज बंद केली तरी ते तेथून पळू शकत नाहीत. म्हणजेच माहिती टिकून राहते.

पण सर्व बाजूंनी विद्युत्‌रोधक असेल, तर इलेक्ट्रॉन बेटावर पोचतात कसे? येथे पुंजयामिकी आपल्या मदतीला येते. बेट आणि सिलिकॉन यांमधील सिलिकॉन डायऑक्साइडचा थर अवघा सात-आठ नॅनोमीटर जाडीचा असतो. वरच्या गेटला सुमारे २० व्होल्टचा दाब दिला, की काही इलेक्ट्रॉन या भिंतीवरून उडी न मारता जणू तिच्यातून आरपार जातात. या घटनेला 'टनेलिंग' म्हणजे बोगद्यातून जाणे असे म्हणतात. रोजच्या जगात भिंतीवर फेकलेला चेंडू कधी पलीकडे जात नाही. इलेक्ट्रॉनच्या जगात मात्र भिंत पुरेशी पातळ असेल तर हे घडते.

वाचताना काय करतात? बेटावर इलेक्ट्रॉन असतील तर त्यांचा ऋण भार वरच्या गेटच्या दाबाला विरोध करतो आणि प्रवाह सुरू व्हायला अधिक दाब लागतो. तेव्हा ठरावीक दाब देऊन पाहायचे. प्रवाह वाहिला तर बेट रिकामे, म्हणजे १. नाही वाहिला तर बेट भरलेले, म्हणजे ०. आजच्या पुष्कळ चिप्समध्ये बेटाच्या जागी सिलिकॉन नायट्राइडचा इलेक्ट्रॉन पकडून ठेवणारा थर असतो, पण तत्त्व तेच. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली अशा पेशींचे मोठे गट एका झटक्यात पुसता येणारी 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. तिचाच पुढचा प्रकार आज तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये आणि एसएसडीमध्ये आहे.

येथे ना डोके हलवायचे, ना फेऱ्याची वाट पाहायची. पत्ता दिला की विजेच्या मार्गाने थेट त्या पेशीपाशी. माहितीचा तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो, म्हणजे हार्ड डिस्कच्या सव्वाशे-दीडशे पट लवकर. आपल्या आचाऱ्याच्या हिशेबात सव्वा वर्षाऐवजी साडेतीन दिवस. आणि ते ६००० तुकडे? ७८ सेकंदांऐवजी ०.६ सेकंद.

पाटी आणि ओळ

या साठवणीचा एक विचित्र स्वभाव आहे. पाटीवर आपण एक एक ओळ लिहू शकतो. पण पुसायची झाली तर एकच ओळ पुसता येत नाही, सगळी पाटीच पुसावी लागते, अशी पाटी डोळ्यांपुढे आणा. फ्लॅश स्मृती तशी असते. लिहिणे लहान पानांत होते, पुसणे मात्र शेकडो पानांच्या गटात. शिवाय प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना तो पातळ रोधक थर थोडा थोडा झिजतो. म्हणून एसएसडीतील नियंत्रक चिप सर्व पाट्या आलटूनपालटून वापरते, म्हणजे एकच पाटी लवकर झिजत नाही. कोणती पाने आता नको आहेत हे संगणकाने तिला कळवावे लागते. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या 'विंडोज ७' पासून आहे. लिनक्सच्या आजच्या आवृत्त्यांतही आहे.

मग ती लवकर मरेल का? हिशेब करू. समजा, २४० गिगाबाइटच्या एसएसडीवर एकूण ८० टेराबाइट लिहिता येईल असे उत्पादकाने सांगितले आहे. तुम्ही रोज २० गिगाबाइट लिहिले, आणि घरात इतके क्वचितच लिहिले जाते, तर ८०,००० भागिले २० म्हणजे ४००० दिवस. जवळजवळ ११ वर्षे! तोवर तुम्ही पदवीधर होऊन नोकरीला लागलेले असाल.

जुन्या पेटीत बसवताना

बाजारात एसएसडी अनेक आकारांत मिळते. जुन्या संगणकासाठी अडीच इंची, 'साटा' जोडणीची घ्यावी. पातळ पट्टीसारखी नव्या पद्धतीची एसएसडी जुन्या मुख्य फळ्यांवर बसवायला सहसा जागाच नसते. पेटीतील खण साडेतीन इंची असतो, म्हणून एक साधी चौकटही लागेल.

येथे पुष्कळांना शंका येते. काही जुन्या संगणकांतील साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटची असते आणि नवी एसएसडी ६ गिगाबिटची. मग पैसे वाया जातील का? ८ बिट पाठवण्यासाठी या जोडणीत १० बिट खर्ची पडतात. म्हणून जुनी जोडणी सेकंदाला ३०० मेगाबाइट नेते आणि नवी ६००. मोठी फाइल हलवताना हा फरक जाणवेल. पण ४ किलोबाइटच्या तुकड्याला जुन्या जोडणीवरून जायला सुमारे १४ मायक्रोसेकंद लागतात आणि नव्या जोडणीवरून ७. वाचलेले ७ मायक्रोसेकंद कोठे, आणि डिस्क बदलून वाचलेले जवळजवळ १३,००० मायक्रोसेकंद कोठे! जोडणी जुनी आहे एवढ्यावरून संगणक टाकून देऊ नये.

बसवण्याचे काम घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा, आणि क्रम पाळा. प्रथम सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. जुनी डिस्क खट् खट् आवाज करीत असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. मग संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर हजारो व्होल्टचा स्थितिक भार साठू शकतो आणि त्याने चिप बिघडू शकते. म्हणून आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. वीज पुरवणारा आतला डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातील धारित्रांत भार शिल्लक असतो. एसएसडीला दोन तारा लागतात, एक विजेची आणि एक माहितीची. दोन्ही एकाच बाजूने बसतात, जोर करू नका. नंतर कार्यप्रणाली नव्याने टाकावी किंवा जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढावी, आणि संगणकाने प्रथम एसएसडीवरून सुरू व्हावे अशी मांडणी करावी. जुनी डिस्क धड असेल तर छायाचित्रे आणि चित्रफिती ठेवायला तशीच राहू द्या. मोठ्या सलग फाइली ती अजूनही चांगल्या वाचते.

काय होणार नाही

एसएसडी ही संजीवनी नव्हे. समजा, संगणक सुरू व्हायला १०० सेकंद लागतात आणि त्यांतील ७८ डिस्कची वाट पाहण्यात जातात. नव्या डिस्कने ते ०.६ होतील, पण उरलेले २२ सेकंद प्रोसेसरचे आणि इतर भागांचे आहेत. ते तसेच राहतील. एकूण २२.६ सेकंद. आता चित्रफितीचे स्वरूप बदलण्याचे काम घ्या. त्यात १०० पैकी ९६ सेकंद आकडेमोडीचे असतील, तर कितीही वेगवान डिस्क आणली तरी ९६ च्या खाली जाता येणार नाही. कामाच्या ज्या भागात वेळ जातच नाही, तो सुधारून उपयोग नाही, हा नियम संगणकापुरताच नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली संगणकांच्या संदर्भात तो मांडला, म्हणून त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात.

रॅम फार कमी असेल, पंख्यावर धूळ साठून प्रोसेसर तापत असेल, तर दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे. कार्यप्रणालीचे वयही पाहावे लागते. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' ला दिला जाणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि अनेक जुने संगणक 'विंडोज ११' च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्सची एखादी आवृत्ती घालून शाळेचे लेखन, गणित आणि प्रोग्रॅमिंग चांगले चालते. आणखी एक सावधगिरी. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून आजाराची सूचना देते. एसएसडी एकाएकी मूक होऊ शकते. तेव्हा महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत कोठेतरी असलीच पाहिजे.

करून पाहा

निकालाआधी पुरावा, असे आपण म्हटले होते. तो असा गोळा करा. घड्याळ घेऊन संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ तीनदा मोजा आणि सरासरी काढा. संगणकात विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा. आता एखादा मोठा प्रोग्रॅम सुरू करा आणि दोन आकडे वहीत टिपा, प्रोसेसर किती टक्के कामात आहे आणि डिस्क किती टक्के. डिस्क १०० च्या आसपास अडकलेली आणि प्रोसेसर १०-१५ वर निवांत असेल, तर आचारी उसाची वाट पाहत आहे. डिस्क बदलून लाभ होईल. प्रोसेसरच १०० वर असेल तर पैसे खिशातच राहू द्या. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर आधी ती वाढवा.

वहीतले हे आकडे घरी किंवा शाळेत दाखवा, आणि मगच संगणक भंगारात द्यायचा की नाही ते ठरवा.